एनबीएतील बचावतज्ज्ञांची तुलना कशी करावी आणि त्यांचे मोल कसे ठरवावे

बास्केटबॉलमध्ये गुण करणाऱ्या खेळाडूची मापे सामना संपताच फलकावर लागलेली असतात. बचाव करणाऱ्याची मापे बऱ्याच अंशी न घडलेल्या गोष्टींत दडलेली असतात: जो पास दिलाच गेला नाही, जो फटका प्रतिस्पर्ध्याने मनात आणून अर्ध्यावर सोडला, ज्या बाजूने ड्रिबल करत घुसायचे होते ती बाजूच बदलावी लागली. त्यामुळे अमुक खेळाडू तमुकापेक्षा चांगला बचावपटू आहे असे म्हणणे सोपे असले तरी ते दाखवून देणे कठीण जाते, आणि वाद रंगला की बहुतेक जण पुरस्कारांची यादी पुढे करून मोकळे होतात. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगमधील उदाहरणे घेऊन ही तुलना अधिक नेटकेपणाने कशी करता येईल, ते येथे मांडले आहे. पद्धतीचा गाभा थोडक्यात सांगायचा तर प्रत्येक बचावतज्ज्ञाच्या नावे दोन खाती उघडावीत. पहिल्यात त्याच्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे किती नुकसान होते ते मांडावे, आणि दुसऱ्यात त्याला कोर्टवर ठेवण्यासाठी त्याच्याच संघाच्या आक्रमणाला किती किंमत मोजावी लागते ते. दुसरे खाते कोरे ठेवून केलेली तुलना नियमित मोसमात खपून जाते, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या मालिकांत, ती टिकत नाही.

आधी काम ओळखावे

वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार एनबीएने १९८२-८३ च्या मोसमापासून सुरू केला आणि पहिली दोन वर्षे तो मिलवॉकी बक्सचा गार्ड (तुलनेने बुटका, बास्केटपासून दूर खेळणारा खेळाडू) सिडनी मॉन्क्रीफ याने जिंकला. पुढे मात्र हा पुरस्कार हळूहळू उंच खेळाडूंकडे झुकत गेला. डिकेंबे मुटोंबो, बेन वॉलेस आणि रूडी गोबेर या तीन सेंटरांनी, म्हणजे बास्केटपाशी खेळणाऱ्या उंच खेळाडूंनी, तो प्रत्येकी चार वेळा मिळवला आहे. १९९६ मध्ये गॅरी पेटनला तो मिळाल्यानंतर पुन्हा एखाद्या गार्डच्या हाती पडायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि तो मान बोस्टनच्या मार्कस स्मार्टला मिळाला. मधल्या पाव शतकात उत्तम बचाव करणारे गार्ड नव्हते, असा याचा अर्थ होत नाही. बास्केटपाशी उभा असलेला उंच खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या जवळजवळ प्रत्येक हल्ल्यावर परिणाम करतो, तर गार्ड मुख्यतः एका माणसाला आवरतो. म्हणून एकाच फूटपट्टीने मोजले की सेंटर आपोआप मोठा दिसतो.

यासाठी तुलनेची पहिली पायरी म्हणजे दोन्ही खेळाडू एकच काम करतात का, हे तपासणे. ढोबळमानाने चार कामे धरावीत. बास्केटचा राखणदार रिंगजवळचे फटके अडवतो किंवा ते मारण्याची इच्छाच मारतो. गोबेर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. चेंडू हाती असलेल्या गार्डला कोर्टच्या वरच्या टोकापासून चिकटणारा खेळाडू वेगळा, जसा ओक्लाहोमा सिटी थंडरचा लू डोर्ट. प्रतिस्पर्धी संघातील सर्वांत धोकादायक विंग, म्हणजे कोर्टच्या कडेने खेळणाऱ्या, खेळाडूला रात्रभर सांभाळणारा तिसरा, जसा सॅन अँटोनियो स्पर्सचा ब्रूस बोवेन. चौथा प्रकार सर्वांत दुर्मीळ आहे. तो कोणाशीही स्विच, म्हणजे सांभाळायच्या माणसाची अदलाबदल, करू शकतो, मोकळ्या जागेत धावून मदत देतो आणि बोलून इतर चौघांना जागच्या जागी ठेवतो; गोल्डन स्टेट वॉरियर्सचा सहा फूट सहा इंचांचा ड्रेमंड ग्रीन सेंटरच्या जागी उभा राहून हे काम वर्षानुवर्षे करत आला. डोर्ट आणि गोबेर यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न यामुळे जवळजवळ निरर्थक ठरतो. डोर्ट नसेल तर त्याचे काम कोण करील आणि गोबेर नसेल तर त्याचे काम कोण करील, असा प्रश्न संघाच्या बाजूने विचारला तर त्याला उत्तर मिळू शकते.

वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना करायची असल्यास नियमही लक्षात घ्यावे लागतात. २००१-०२ पासून एनबीएने झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा सांभाळण्याला, वाट मोकळी केली आणि त्याच वेळी बचाव करणाऱ्या खेळाडूने कोणालाही न सांभाळता रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहू नये असा नियम आणला. २००४-०५ पासून चेंडू हाती असलेल्या खेळाडूला हात लावून रोखण्यावर कडक बंधने आली. त्याखेरीज खेळच बाहेर सरकला. २००३-०४ मध्ये एक संघ सामन्यामागे सुमारे १५ वेळा तीन गुणांचा प्रयत्न करत असे, तर २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या पुढे गेला होता. आजच्या बचावपटूला बास्केटपासून तीन गुणांच्या रेषेपर्यंत आणि तिथून परत अशी जी धावाधाव करावी लागते, ती वॉलेसच्या काळातील सेंटरांच्या वाट्याला फारशी येत नव्हती. म्हणून जुन्या आणि नव्या खेळाडूंची आकड्यांनी तुलना करू नये. फार तर आपापल्या मोसमात ते इतरांच्या किती पुढे होते, एवढे पाहावे.

स्टील आणि ब्लॉक: उपयोग किती, फसगत किती

एनबीएने स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (हवेतच अडवलेला फटका) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून ठेवायला सुरुवात केली. बिल रसेलसारखा खेळाडू अकरा विजेतेपदे मिळवून त्याआधीच निवृत्त झाला होता, म्हणजे ज्याला अनेक जण सर्वकाळचा श्रेष्ठ बचावपटू मानतात त्याच्या ब्लॉकची अधिकृत बेरीजच अस्तित्वात नाही. एवढ्या एका गोष्टीवरूनही या दोन रकान्यांवर किती विसंबावे, याचा अंदाज यावा.

तरीही ते निरुपयोगी नाहीत. अटलांटा हॉक्सच्या डायसन डॅनियल्सने २०२४-२५ मध्ये २२९ स्टील केले, म्हणजे सामन्यामागे सरासरी तीन, आणि १९९०-९१ मधील ॲल्व्हिन रॉबर्टसननंतर तीनची सरासरी कोणी गाठली नव्हती. एवढा मोठा आकडा नशिबाने येत नाही. मात्र स्टील पाहताना तो कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारावे. स्वतःच्या माणसासमोर पाय रोवून उभे असताना हात घालून काढलेला चेंडू हा निखळ नफा असतो. जागा सोडून पासच्या वाटेत झेप घेऊन मिळवलेला चेंडू हा जुगार असतो, आणि हुकलेल्या झेपांची नोंद फलकावर होत नाही. त्या हुकलेल्या झेपेनंतर चार जणांना पाच जणांविरुद्ध बचाव करावा लागतो आणि शेवटी ज्याच्या समोर फटका पडतो तो निराळाच खेळाडू दोषी दिसतो. डॅनियल्ससारख्यांचे चित्रण पाहताना झेपा मोजाव्यात आणि त्यांपैकी किती फळाला आल्या, याचे प्रमाण स्वतः काढावे. दोन-तीन सामने पाहिले तरी कल पुष्कळसा स्पष्ट होतो.

ब्लॉकबाबतही असाच विचार करावा. प्रेक्षकांत भिरकावलेला ब्लॉक दिसायला जोरदार असतो, परंतु चेंडू प्रतिस्पर्ध्याकडेच राहतो. रसेलची ख्याती चेंडू हलकेच अडवून सहकाऱ्याच्या हाती जाईल असा टोलवण्याबद्दल होती. ब्लॉकच्या मागे धावणारा सेंटर फसव्या हालचालीने हवेत उडवला जातो आणि फाऊल करून बसतो, म्हणून ब्लॉकच्या आकड्याशेजारी फाऊलचा आकडा ठेवूनच तो वाचावा. २०१६ पासून एनबीए चेंडूला लागलेले बोट, फटक्यासमोर उंचावलेला हात, स्वतःवर घेतलेली टक्कर अशा गोष्टींचीही मोजदाद प्रसिद्ध करते. चेंडूला लागलेली बोटे, म्हणजे डिफ्लेक्शन, हे स्टीलपेक्षा अधिक भरवशाचे माप आहे, कारण लागलेला चेंडू शेवटी कोणाच्या हाती पडला या नशिबाचा भाग त्यातून वगळलेला असतो.

संघाच्या आकड्यांतून व्यक्तीकडे

यापुढची पायरी म्हणजे शंभर पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या शंभर खेपांमागे, दिलेले गुण. खेळाडू कोर्टवर असताना संघाने किती गुण दिले आणि तो बाकावर असताना किती, हा फरक वरवर अगदी न्याय्य वाटतो. त्यात तीन खड्डे आहेत. पहिला सहकाऱ्यांचा: चार उत्तम बचावपटूंसोबत खेळणाऱ्याचा आकडा आयताच चांगला येतो. दुसरा बदली खेळाडूचा: ज्या संघाचा राखीव सेंटर कमकुवत असतो, त्या संघाच्या मुख्य सेंटरचा फरक फुगलेला दिसतो. तिसरा खड्डा सर्वांत फसवा आहे, आणि तो उदाहरणाने समजून घ्यावा.

समजा, एक खेळाडू कोर्टवर असताना प्रतिस्पर्ध्यांनी शंभर पझेशनमागे १०८ गुण केले आणि तो नसताना ११३. फरक पाच गुणांचा, म्हणजे डोळे विस्फारावेत एवढा. आता असे समजा की दोन्ही वेळा प्रतिस्पर्ध्यांनी शंभर पझेशनमागे तीन गुणांचे ३५ प्रयत्न केले, परंतु तो असताना त्यांतील ३३ टक्के आत गेले आणि तो नसताना ३७ टक्के. चार टक्क्यांचा फरक म्हणजे १.४ फटके, आणि प्रत्येकी तीन गुण धरले तर ४.२ गुण. पाचपैकी चार गुणांचा फरक केवळ दूरचे फटके आत गेले की नाही यातून आला, आणि एका मोसमाच्या अवधीत त्यावर एखाद्या बचावपटूचा ताबा फार थोडा असतो. चेंडू हातातून सुटला की पुढचे पुष्कळसे मारणाऱ्याच्या मनगटावर असते. बचाव ज्यावर खरोखर परिणाम करू शकतो ते म्हणजे असे प्रयत्न किती झाले, कोणी केले आणि मारणारा किती मोकळा होता. त्यामुळे कोणाच्याही नावापुढे चमकदार फरक दिसला की आधी प्रतिस्पर्ध्यांच्या तीन गुणांच्या यशाची टक्केवारी उघडावी, ती दोन्ही वेळा सारखी धरून बेरीज पुन्हा करावी आणि मग उरेल तेवढ्यावरच मत बनवावे.

याच्या उलट रिंगजवळचे आकडे बरेच स्थिर असतात. २०१३-१४ पासून एनबीएच्या सर्व स्टेडियमांत खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसवलेले आहेत, आणि एखादा सेंटर जवळ असताना रिंगपाशी किती टक्के फटके आत जातात हे त्यातून कळते. राखणदारांची तुलना करताना दोन आकडे जोडीने घ्यावेत: फटके किती आत गेले आणि मुळात रिंगपाशी किती फटके मारले गेले. दुसऱ्या आकड्याकडे सहसा दुर्लक्ष होते. गोबेर किंवा सॅन अँटोनियोचा व्हिक्टर वेंबान्यामा कोर्टवर असताना गार्ड रिंगपर्यंत येऊनही पुन्हा बाहेर वळतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला ना ब्लॉक येतो ना अडवलेला फटका, आणि संघाचे काम तर झालेले असते.

सहकारी आणि प्रतिस्पर्धी यांचा प्रभाव वजा करून काढलेले ‘ॲडजस्टेड प्लस-मायनस’ या घराण्यातले आकडे आता अनेक आहेत. ते वापरावेत, मात्र एका मोसमाचा आकडा हाती धरून भांडू नये. दोन-तीन मोसमांत आणि शक्यतो दोन निरनिराळ्या संघांत आकडा टिकला, तर तो त्या खेळाडूचा समजावा.

डोळ्यांनी काय पाहावे

आकडे कोणाला पाहायचे ते सांगतात. काय पाहायचे ते ठरवण्यासाठी सामन्याचे चित्रण पाहण्याला पर्याय नाही, आणि ते पाहताना चेंडूवरची नजर काढावी लागते. एकच खेळाडू निवडावा आणि पहिला क्वार्टर व शेवटची पाच मिनिटे त्याच्यावरच लक्ष ठेवावे. प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वाधिक गुण करणाऱ्या खेळाडूला तो स्वतः सांभाळतो की प्रशिक्षक त्याला कोपऱ्यातल्या दुय्यम माणसावर ठेवून विश्रांती देतात, हे प्रथम नोंदवावे. गार्ड असेल तर स्क्रीन लागल्यावर, म्हणजे चेंडूवाल्याच्या सहकाऱ्याने वाटेत उभे राहून अडवल्यावर, तो तिच्यावरून चेंडूवाल्याच्या पाठीला चिकटून जातो, खालून जातो की तिथेच अडकतो, हे पाहावे. अडकला तर मागचा सेंटर दोघांमध्ये सापडतो आणि पुढची सगळी मोडतोड त्या एका क्षणातून सुरू होते. सेंटर असेल तर तो मागे सरकताना चेंडूवाला आणि रिंगकडे धावणारा दुसरा खेळाडू या दोघांना एकाच वेळी किती काळ खोळंबून ठेवतो, ते मोजावे.

चांगल्या बचावाची एक खूण पायांत असते आणि ती सहज नजरेत भरत नाही. मोकळ्या नेमबाजाकडे धावत जाताना शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग आवरून, वजन खाली घेऊन थांबणारा खेळाडू फसव्या हालचालीने हुलकावणी खात नाही. उड्या मारत पोचणारा खेळाडू प्रेक्षकांना मेहनती वाटतो आणि त्याच्या बाजूने चेंडू आत जातो. ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटिएचे नाव येथे आवर्जून घ्यावेसे वाटते. तो फार वेगवान नव्हता, त्याची उडीही बेताचीच होती, पण भरपूर गुण करणाऱ्या कोबी ब्रायंटसमोर उभा राहताना कोबीला जिथून कमी यश मिळते अशा जागेकडे तो पद्धतशीरपणे ढकलत असे आणि फटका सुटताना हात चेंडूऐवजी डोळ्यांसमोर धरत असे. अशा खेळाडूविरुद्ध कोबीने ३० गुण केले तरी ते त्याने किती प्रयत्नांत केले, हे पाहिल्याशिवाय बॅटिए हरला असे म्हणता येत नाही.

दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे चित्रण पाहूनही सहज ठरत नाही. याचा उत्तम धडा १८ जून २०२१ च्या सामन्यात आहे. नियमित मोसमात सर्वाधिक विजय मिळवलेला यूटा जॅझ आणि जखमी काव्हाय लेनर्डविना उतरलेला लॉस एंजेलिस क्लिपर्स यांच्यातील हा मालिकेचा सहावा सामना. यूटा २५ गुणांनी पुढे होता आणि क्लिपर्सने तो १३१-११९ असा फिरवला. क्लिपर्सने पारंपरिक सेंटर बाहेर बसवून पाचही नेमबाज उतरवले होते, त्यामुळे त्या मोसमाचा सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या गोबेरला क्लिपर्सच्या टेरन्स मॅनला सांभाळावे लागले, आणि मॅन कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. वरच्या बाजूने क्लिपर्सचा रेजी जॅक्सन आपल्या बचावपटूला मागे टाकून आत घुसला की गोबेरपुढे दोनच वाटा उरत: रिंग सांभाळावी तर मॅन मोकळा, आणि मॅनजवळ राहावे तर जॅक्सनला रिंगजवळून सोपा फटका (लेअप). गोबेर सवयीने रिंगकडे गेला आणि मॅनने ३९ गुण ठोकले, त्यांत तीन गुणांचे सात फटके होते.

त्या रात्रीनंतर गोबेर प्लेऑफमध्ये चालत नाही, हे मत जवळजवळ रूढ झाले. मला ते अर्धेच पटते. प्रत्येक वेळी गळती सुरू झाली ती बाहेरच्या फळीत. गोबेर फक्त तिथे उभा होता जिथे तिचे पाणी साचत होते. मात्र अर्धे पटते ते एवढ्यासाठी की बचावाचा सारा भार एका सेंटरवर टाकून उभारलेला संघ त्याला रिंगपासून दूर खेचता येते हे कळताच असहाय होतो, आणि ही मर्यादा त्या सेंटरच्या मोलातून वजा करावीच लागते. पुढे गोबेर ज्या संघात गेला त्या मिनेसोटाने त्याच्यापुढे जेडन मॅकडॅनियल्ससारखा लांब हातांचा, चिवट बचावपटू उभा केला. त्याच गोबेरच्या मागे २०२३-२४ मध्ये तो संघ बचावात लीगमध्ये पहिला आला.

दुसरे खाते: आक्रमणात मोजलेली किंमत

मेम्फिस ग्रिझलीजचा टोनी ॲलन हा त्याच्या पिढीतील सर्वांत भीतिदायक विंग बचावपटू होता. सहा वेळा तो लीगच्या अधिकृत बचाव संघांत, म्हणजे मोसमातील सर्वोत्तम बचावपटूंच्या सन्मान-यादीत, निवडला गेला. २०१५ च्या प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मेम्फिस गोल्डन स्टेटविरुद्ध २-१ असा पुढे होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी आपला सेंटर अँड्र्यू बोगट याला ॲलनवर नेमले, म्हणजे कागदावर नेमले. प्रत्यक्षात बोगट रिंगजवळच उभा राहिला आणि ॲलनला तीन गुणांच्या रेषेपाशी मोकळे सोडले. कारकिर्दीत सुमारे २८ टक्के अचूकता असलेला ॲलन मारत राहिला तरी गोल्डन स्टेटचा फायदा होता आणि न मारता उभा राहिला तरी फायदाच होता, कारण मेम्फिसच्या उंच खेळाडूंना आत जागाच उरली नाही. ॲलनचा कोर्टवरील वेळ घटला आणि पुढचे तिन्ही सामने जिंकून गोल्डन स्टेटने मालिका ४-२ अशी खिशात घातली.

त्याहून उघडा हिशेब आंद्रे रॉबर्सनचा आहे. २०१७ च्या पहिल्या फेरीत ओक्लाहोमा सिटीकडून ह्यूस्टनविरुद्ध खेळताना त्याने २१ फ्री थ्रोंपैकी (फाऊलबद्दल मिळणाऱ्या, एकेका गुणाच्या मोकळ्या फटक्यांपैकी) केवळ ३ यशस्वी केले. या प्रमाणात त्याला मुद्दाम फाऊल केले तर दोन फ्री थ्रोंमागे ०.३ गुणांहूनही कमी मिळतात, तर एनबीएतील साधारण पझेशनमागे एकाहून अधिक गुण होतात. म्हणजे प्रत्येक मुद्दाम केलेल्या फाऊलमागे प्रतिस्पर्ध्याला पाऊण गुणाहून अधिक लाभ. तो कितीही चांगला बचाव करत असला तरी सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत त्याला ठेवावे की काढावे, हा पेच प्रशिक्षकांपुढे येणारच.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. एखाद्या बचावतज्ज्ञाचे मोल ठरवताना तो आक्रमणात असताना प्रतिस्पर्धी त्याच्यावर कोणाला नेमतात ते पाहावे. आपला सर्वांत मंद किंवा सर्वांत थकलेला खेळाडू त्याच्यावर लपवता येत असेल, तर त्याने बचावात कमावलेल्यातला मोठा वाटा तिथेच परत जातो. अचूकतेची टक्केवारीही एकटी वाचू नये. दिवसाला एकच मोकळा फटका मारून ३८ टक्के राखणाऱ्याला कोणी घाबरत नाही. पाच-सहा प्रयत्न न कचरता करणाऱ्या ३५ टक्केवाल्याकडे मात्र कोणाला तरी धावत जावे लागते. बोवेनने हे फार पूर्वी ओळखले होते. कोपऱ्यातून तीन गुण मारण्याचा एकच फटका त्याने घोटून घेतला आणि २००२-०३ मध्ये ४४.१ टक्के अचूकतेसह तो लीगमध्ये पहिला आला. त्याच मोसमात फ्री थ्रोंतील त्याची अचूकता ४०.४ टक्के होती, हे वाचून हसू येते, पण त्याने फ्री थ्रोच्या रेषेवर जायची वेळच क्वचित येऊ दिली आणि स्पर्सच्या तीन विजेतेपदांत तो सुरुवातीच्या पाचांत राहिला.

संघाने किती द्यावे

सुटा बचावपटू आणि संघातला बचावपटू यांच्या किमती वेगळ्या असतात, हे व्यवहारांतून स्पष्ट दिसते. मिनेसोटाने जुलै २०२२ मध्ये गोबेरसाठी यूटाला पाच खेळाडू, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतील चार निवडी आणि एका निवडीच्या अदलाबदलीचा हक्क दिला. त्या वेळी या सौद्याची यथेच्छ टवाळी झाली. दुसऱ्याच मोसमात त्या संघाने ५६ सामने जिंकून पश्चिम विभागाची अंतिम फेरी गाठली आणि तिथे दुसऱ्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी लूका डॉन्चिचने गोबेरच्याच डोक्यावरून तीन गुणांचा फटका मारून डॅलसला १०९-१०८ असे जिंकवले. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: असा राखणदार ८२ सामन्यांच्या मोसमात संघाला वर उचलतो, आणि मालिकेच्या अखेरच्या मिनिटांत त्याला शोधून लक्ष्य करता येते. म्हणून नियमित मोसमातील आणि प्लेऑफमधील मोल वेगळे मांडावे, आणि आपला संघ कोणत्या टप्प्यावर आहे त्याप्रमाणे त्यांना वजन द्यावे. प्लेऑफपर्यंतच न पोचणाऱ्या संघाने शेवटच्या दोन मिनिटांची चिंता आधी करण्यात अर्थ नाही.

गार्ड ड्रू हॉलिडेचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. मिलवॉकीने २०२० मध्ये त्याच्यासाठी पहिल्या फेरीतील तीन निवडी मोजल्या, लगेच २०२१ चे विजेतेपद मिळवले आणि २०२३ मध्ये डेमियन लिलार्डसारखा भरपूर गुण करणारा खेळाडू मिळवण्यासाठी त्याला सोडले. हॉलिडे पुढच्याच वर्षी बोस्टनसोबत पुन्हा विजेता झाला आणि मिलवॉकीचा बचाव लीगच्या वरच्या फळीतून घसरून मध्याच्याही खाली गेला. स्वतः गुण करू शकणारा, चेंडू सांभाळू शकणारा आणि समोरच्या सर्वोत्तम गार्डला रोखणारा खेळाडू ‘बचावतज्ज्ञ’ या कप्प्यात बसत नाही म्हणून त्याची किंमत नेहमी थोडी कमीच लावली जाते.

दोन खाती शेजारी ठेवून तुलना कशी दिसते, हे ओक्लाहोमा सिटीच्या २०२४-२५ च्या विजेत्या संघातील डोर्ट आणि ॲलेक्स करूसो यांच्यावरून पाहता येईल. डोर्ट सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून समोरच्या मुख्य गुण करणाऱ्या खेळाडूला छातीने रोखतो. त्या मोसमात तीन गुणांच्या फटक्यांत त्याची अचूकता सुमारे ४१ टक्के होती आणि तो पहिल्या बचाव संघात निवडला गेला. करूसो बाकावरून येऊन सुमारे १९ मिनिटे खेळे आणि ५४ सामन्यांतच उतरला. पुरस्कारासाठी किमान ६५ सामन्यांची अट २०२३-२४ पासून असल्यामुळे त्याचे नाव कोणत्याही यादीत येऊच शकत नव्हते. नुसते नियमित मोसमाचे खाते पाहिले तर डोर्ट निःसंशय वरचढ ठरतो. परंतु डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात सहा फूट अकरा इंचांच्या निकोला योकिचसमोर सहा फूट पाच इंचांचा करूसो उभा करण्यात आला. त्याने योकिचच्या पुढे येऊन चेंडू त्याच्या हाती पडण्यापूर्वीच वाट अडवली, योकिच २० गुणांवर थांबला आणि ओक्लाहोमा सिटीने १२५-९३ असा विजय मिळवला. डोर्टचे काम ठरलेले आणि रोजचे आहे, करूसोचे काम प्रतिस्पर्धी बदलेल तसे बदलते. प्लेऑफमध्ये कोणते प्रतिस्पर्धी भेटतील हे आधी ठरलेले नसते, म्हणून मला एकाच मालिकेसाठी निवड करायची झाली तर मी करूसोला घेईन, आणि पूर्ण मोसमासाठी डोर्टला.

कराराची लांबी ठरवताना वयाचा विचार कामाप्रमाणे करावा. गोबेरने चौथा पुरस्कार ३१ व्या वर्षी आणि मुटोंबोने ३४ व्या वर्षी मिळवला, कारण उंची, हातांची लांबी आणि जागेचे भान यांवर चालणारे काम उशिरापर्यंत जमते. चेंडूवाल्या गार्डला चिकटणाऱ्याचे सारे भांडवल पहिल्या पावलात असते आणि ते तिशीनंतर आटू लागते. करूसोशी ओक्लाहोमा सिटीने डिसेंबर २०२४ मध्ये चार वर्षांसाठी सुमारे ८.१ कोटी डॉलरचा करार वाढवला, तो संपेल तेव्हा करूसो ३५ वर्षांचा असेल. नियमित मोसमात त्याची मिनिटे इतकी जपून खर्च करण्यामागे संघाचा हिशेब हाच असावा. असे करार तपासताना खेळाडूच्या गेल्या वर्षीच्या स्टीलपेक्षा तो स्क्रीनवरून किती वेळा निसटतो आणि किती वेळा तिच्यात अडकतो, याची गेल्या दोन मोसमांतील तुलना करावी. घसरण प्रथम तिथे दिसते, फलकावर ती पुष्कळ उशिरा येते.